खिळ्यापाशी चीर

जुनी शुक्रवारी, नागपूर
दि. १२ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप कौशल्यावहिनींना मनकर्णेचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी यंदा जास्त आहे, त्यामुळे दुकानात सकाळचं गिऱ्हाईक उशिरा येते. दोन्ही मुली शाळेत जातात. तुम्ही, तुमचे बंधू रुपरावभाऊ आणि त्यांच्या घरची मंडळी काटोलला खुशाल असाल असं समजून लिहून राहिली आहे.

तुमचं कार्ड मागच्या गुरुवारी मिळालं. ते यांच्या नावानं होतं. हे दुकानात होते, पोस्टमननं माझ्या हातात दिलं, आणि कार्डच असल्यानं मी वाचलं. यांना सवड नाही, म्हणून उत्तर मीच लिहिते. तुम्ही विचारलं आहे ते मलाही सांगता येण्यासारखं आहे.

रुपरावभाऊंची कापसाच्या जिनातली नोकरी सुटली हे वाचून वाईट वाटलं. पण हातात बापजाद्याचा धंदा आहे, माणूस उपाशी राहत नाही. बाजारात खुर्ची टाकायचं त्यांनी ठरवलं ते बरं केलं. पलटणीतल्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे दोन जुने वस्तरे विकायला आहेत, त्यातला कोणता घ्यावा आणि घ्यायच्या आधी काय काय पाहावं, असं तुम्ही यांना विचारलं. माझे बाबा धोंडबा कामठीच्या छावणीत साहेबांच्या दाढ्या करायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना मुलगा नव्हता. धारेला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही, पण बाजारातून जुना वस्तरा आणला की पहिल्यांदा माझ्याच हातात द्यायचे. म्हणायचे, "तुह्ये डोळे नवे आहेत, पाह्य." मी दहा-अकरा वर्षांची असेन तेव्हा. त्यामुळे हे मी यांच्याकडून ऐकून सांगून राहिली आहे असं समजू नका. उलट यांनाच पुष्कळदा मी सांगितलं आहे.

रुपरावभाऊंना म्हणावं, वस्तरा आधी उन्हात न्या. विकणाऱ्याच्या सावलीत बसून काही घेऊ नये. धार वर करून सरळ तिच्याकडे पाहायचं. चांगली धार दिसतच नाही. जिथं पांढरा ठिपका चमकला तिथं ती मोडलेली आहे. बारीक मोड असेल तर धारेच्या पथरीवर घासून निघून जाते, नखाला अडकण्याएवढी असेल तर निघता निघता अर्धं पातं संपते.

काळे डाग पाहून घाबरू नये. जुन्या पोलादावर डाग राहतातच. गंजाला मात्र घाबरावं, आणि तोही कुठं आहे ते पाहून. पाठीवर असला तर कोळशाच्या राखेनं घासला की झालं. धारेजवळ गंजानं खड्डे पाडले असतील तर तो वस्तरा फुकट दिला तरी आणू नये. वरून साफ दिसतो, पण धार लावायला बसलं की तेवढ्याच जागी भुगा होऊन सांडतो.

मग आरशाची काच घ्यायची आणि त्यावर पातं आडवं ठेवायचं, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. डुगडुगलं तर वाकडं आहे. धारेची ओळ सरळ पाहिजे, थोडी बाहेर फुगलेली असली तरी चालते. मधे आत गेलेली असली, जुन्या विळ्यासारखी, तर घेऊ नका. गालावर टेकवला तर दोन टोकंच टेकतात आणि मधले केस तसेच राहतात. पाठीची झीज दोन्ही बाजूंनी सारखी आहे का तेही पाहावं. एकाच बाजूनं झिजलेला वस्तरा एखाद्या आडमुठ्या माणसाच्या हातात पंधरा-वीस वर्षं होता असं समजावं.

फार चकचकीत असला तर तो जास्तच पाहावा. विकणारे चाकावर धरून चमकवतात आणि पातं तापून जाते. निळसर किंवा पिवळसर झाक दिसली की समजायचं, पोलादाचा जीव गेला. तो दोन दाढ्यांच्या वर धार धरत नाही. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला मळका वस्तरा बरा.

मूठही पाहावी. मिटल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे बसलं पाहिजे, एका अंगाला घासलं नाही पाहिजे. काही विलायती मुठींना कापरासारखा वास येतो. ती मूठ आतून सडून राहिलेली असते आणि तिच्या वाफेनं पातं खाऊन टाकते. तसं असेल तर मूठ बदलून घ्यावी लागेल.

शेवटी उघड्या पात्यावर नखानं टिचकी मारायची. नाद बारीक आणि लांब आला पाहिजे. बोदा आला तर काही तरी फुटलेलं आहे. खिळ्यापाशीही पाहावं. चीर असते कधी कधी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, रुपरावभाऊ पाहून घेतील.

एवढं पाहिलं म्हणजे पुरे.

यांचं विचाराल तर चष्मा लागला आहे. आता जवळचं नीट दिसते. दुकान सोमवारी बंद असते, त्या दिवशी घरीच असतात. पूर्वीसारखे कुठं जात-येत नाहीत. तुमच्या हातच्या पाटोडीची आठवण काढतात, अधूनमधून. मीही करते, पण त्यांना ती तशी लागत नाही म्हणतात.

तुम्हाला आणखी काही विचारायचं असेल तर पत्र माझ्या नावानं टाकावं. यांच्या नावाचं पत्र घरात पडून राहते आणि हरवते.

आपली,
मनकर्णा


जुनी शुक्रवारी, नागपूर
दि. ३ फेब्रुवारी १९७८

कौशल्यावहिनी,

नमस्कार. हे कार्डावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून पाकीट घेतलं आहे. कृपा करून एकट्यानं वाचावं. मग पाहिजे त्याला दाखवा.

तुमचं दुसरं पत्र पोचलं. माझ्या नावानं पत्र येण्याची ही माझ्या आयुष्यातली दुसरी की तिसरी वेळ. संत्रीही पोचली. रुपरावभाऊंनी वस्तरा उन्हात नेला, काचेवर ठेवला, एक नापास केला आणि दुसरा घेतला, तो छान चालून राहिला आहे, हे वाचलं. तुम्ही माझे एवढे आभार मानले की वाचवत नव्हतं. संत्री मुलींनी खाल्ली. यांनीही खाल्ली आणि विचारलं, कुठून आणली, साखरेसारखी आहेत. मी सांगितलं, बाजारातून. मी एकही फोड तोंडात घातली नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट विचारली आहे. तुम्ही लिहिलं, माझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं गेलं, आणि खिळ्यापाशी चीर हे ऐकल्यावर रुपरावभाऊ म्हणाले, म्हणजे आपल्या श्रावणभाऊजींच्या वस्तऱ्यासारखी. मग ते बाजारातही चार लोकांना सांगून राहिले, की एवढा नागपूरचा कारागीर, पण चिरलेला वस्तरा लोकांच्या गळ्यावर फिरवत होता. आणि तुम्ही मला विचारलं, "यांचा हात कधी कोणाले लागला नाही. मंग यांना ती चीर दिसली नसन का दिसूनबी चालवला? तुम्हाले समजते, तुम्ही सांगा."

वहिनी, श्रावणभाऊंच्या वस्तऱ्याला चीर नव्हती.

खिळ्यापाशी नव्हती आणि दुसरीकडेही कुठं नव्हती. तो वस्तरा मी हातात घेतला होता. माझ्या बाबांच्या पेटीतही तसा नव्हता. धार एका ओळीत, पाठ दोन्हीकडून सारखी झिजलेली, टिचकी मारली तर नाद संपता संपत नव्हता. पंधरा वर्षं रोज वापरूनही पात्यावर एक खड्डा नव्हता. ज्यानं तो सांभाळला त्याचा हात कसा असेल हे मला तेव्हाच दिसलं होतं. आणि मी खोटं सांगितलं.

कसं झालं ते लिहिते. कमी-जास्त करत नाही.

माझं लग्न झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी यांच्या मावशीनं मला सांगितलं, की जागेश्वरसाठी आधी कौशल्या पाहिली होती, दोघांनाही पसंत होतं, पण जागेश्वरच्या आईनं मोडता घातला. नंतर तीच मुलगी त्याच्या जोडीदाराला, श्रावणला दिली. मावशी हसत सांगत होती. तिच्या लेखी ती जुनी गोष्ट होती. माझ्यासाठी ती त्या दिवशी सुरू झाली. तुम्ही कधी वावगं वागल्या नाहीत. मीच पाहत राहिली. तुम्ही आमच्या घरी आल्या की हे कुठं बसतात, तुमचा चहा संपला की कप कोण उचलते. बावीस वर्षं मी हेच केलं. श्रावणभाऊ होते तोवर निदान म्हणायला जागा होती, की हे मित्राकडे जातात.

श्रावणभाऊ काविळीनं गेले आणि हे दर सोमवारी मंगळवारी मोहल्ल्यातल्या तुमच्या खोलीवर यायला लागले. राशन कार्डाचं काम आहे, घरमालकाशी बोलायचं आहे, छपराचे कवेलू फुटले आहेत. सगळी कामं खरी होती. मी एकदा मागून येऊन पाहिलंही. तुमच्या दारासमोरून गेली. हे खाटेवर बसले होते, तुम्ही सूप घेऊन गहू निवडत होत्या, आणि कोणी काही बोलत नव्हतं. काही बोलत असते तर मला एवढं लागलं नसतं. माझ्याजवळ हे असे गप्प कधी बसत नाहीत. माझ्याजवळ बसले की उठायची घाई असते.

त्याच्या पुढच्या सोमवारी हे तुमच्याकडून वस्तरा घेऊन आले. तुमच्या जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. तेव्हा यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. दुकानात कोणाला माहीत नव्हतं, हातानं अंदाज घेऊन दाढ्या करत होते. फक्त मला सांगितलं होतं. यांनी तो तुकडा सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि वस्तरा माझ्यापुढं धरला.

"पाह्य बरं वं," म्हणाले. "मले बारीक दिसत नाही. चांगला असन तर मीच ठेवून घेतो. वहिनीले चांगली किंमत देता येईन, तिच्या शिलाई मशीनले कमी पडते तेवढं होऊन जाईन. मंग तिले नागपूर सोडा लागणार नाही."

मी वस्तरा आंगणात नेला. सगळं पाहिलं, तुम्हाला पत्रात लिहिलं तसंच. पाहता पाहता माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, मग तिला नागपूर सोडावं लागणार नाही. आणि तो खिशातला तुकडा. वस्तरा जेवढा चांगला निघत गेला तेवढा मला राग येत गेला. एखादा खड्डा जरी सापडला असता तरी मी तो खरा खरा सांगितला असता आणि आज मला हे लिहावं लागलं नसतं. काहीच सापडलं नाही.

आत येऊन मी म्हटलं, "खिळ्यापाशी चीर आहे."

यांनी टिचकी मारली. "नाद तं साजरा आहे, चांगला लांब."

"चीर आत आहे, खिळ्याच्या खाली. आज ना उद्या पातं तुटून गिऱ्हाईकाच्या गळ्यावर पडन."

यांनी डोळ्याजवळ नेऊन, दूर नेऊन पाहिलं. दिसणार काय, काही नव्हतंच. मग म्हणाले, "तू म्हणतं तं असन." माझ्यावर एवढा विश्वास होता. पुन्हा तुकड्यात गुंडाळला आणि तुम्हाला परत नेऊन दिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चिरलेला वस्तरा म्हणून भंगारवाल्यानं तो खिळ्या-कुलपांच्या भावात नेला. मशीन झालं नाही. दिवाळीनंतर तुम्ही खोली सोडून काटोलला भावाच्या दारात गेल्या. हे तुम्हाला एस.टी.वर पोचवायला आले होते, आणि मी त्या दिवशी घरी गोड केलं होतं. मुलींनी विचारलं आज काय आहे. काही नाही, म्हटलं.

तुम्ही गेल्या म्हणजे संपेल असं मला वाटलं होतं. संपलं नाही. हे सोमवारी घरीच राहायला लागले, आणि घरी राहूनही माझ्याजवळ बसत नव्हते. तुमचं पहिलं कार्ड आलं तेव्हा मी ते पिठाच्या डब्यात लपवलं, आठ दिवसांनी तुम्हाला ते शहाणपणाचं पत्र लिहिलं. त्यात खिळ्यापाशी आली आणि हात थांबला. तरी लिहिलं. न लिहिलं असतं तर तुम्हाला संशय आला असता, असं वाटलं.

तुमच्या दुसऱ्या पत्रानं मात्र मला झोपू दिलं नाही. तुमच्यावर मी राग धरला, तुम्हाला इथून घालवलं, त्याचं मी स्वतःला काही ना काही समजावून सांगत होती. पण श्रावणभाऊंनी माझं काय केलं होतं? ते मला बहीण म्हणायचे. आता काटोलच्या बाजारात लोक म्हणून राहिले की तो माणूस चिरलेला वस्तरा चालवायचा. आणि त्यांची बायकोही तेच धरून बसली आहे. कारागीर गेला की मागं त्याचा हात कसा होता एवढंच राहते. ते मी घालवलं, तेही त्यांच्यावरच्या रागानं नाही, तुम्हाला त्या खोलीतून काढायला.

रविवारी सकाळी हे आंगणात पट्ट्यावर वस्तरा फिरवत होते. मी तुमची दोन्ही पत्रं त्यांच्यापुढं ठेवली. यांनी चष्मा लावला, सावकाश वाचली. दुसरं दोनदा वाचलं. मग एकच विचारलं.

"चीर होती का नव्हती?"

"नव्हती."

पट्टा गुंडाळला, उठले आणि दुकानात गेले. मला वाटलं होतं ओरडतील. मी त्याचीच तयारी केली होती. दुपारी डबा पाठवला तो तसाच परत आला. सोमवारी हे त्या भंगारवाल्याला शोधायला गेले. सापडला. तो म्हणाला, वस्तरे तो मोच्यांना देतो, ते पातं तोडून चामडं कापायची रापी करतात. म्हणजे वस्तरा गेला. परत मिळायचा नाही. तुम्हाला खोटी आशा लावत नाही.

मंगळवारी जेवताना बोलले. पानावरून नजर वर न करता बोलले, पण मी शब्दन् शब्द ऐकला.

"तुले जे वाटत होतं ते सारंच खोटं नव्हतं. मले तिथं जाऊन बसनं आवडत होतं. त्याच्या पुढं काही नव्हतं, पण आवडत होतं. त्याचा राग तू माह्यावर काढाचा होता. वस्तरा तं श्रावणचा होता."

बावीस वर्षं मला जे विचारायचं होतं ते त्यांनी न विचारता सांगितलं. मला वाटत होतं, कधी खरं कळलं तर निदान मोकळं वाटेल. वाटलं नाही. मी त्यांना भात वाढला आणि आत येऊन उभी राहिली.

वहिनी, मला तुमचा राग येणं बंद झालं आहे असं मी लिहू शकत नाही. तुमचं अक्षर पाहिलं की अजूनही येतो. संत्री पाहिली तेव्हाही आला. तो जाईल तेव्हा जाईल. पण माझा राग आणि श्रावणभाऊंचा हात या दोन गोष्टी मी एकत्र केल्या, ते चुकलं. त्याची माफी मी मागते. तुम्ही द्यावी असं म्हणत नाही.

रुपरावभाऊंना हे पत्र दाखवा. त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनाही सांगा. माझं नाव घेऊन सांगा, की धोंडबाची मुलगी, जागेश्वरची बायको मनकर्णा खोटं बोलली. श्रावणभाऊंच्या वस्तऱ्यात खोट नव्हती आणि हातातही नव्हती. शिलाई मशीनचं यांनी मनावर घेतलं आहे. ते कसं करायचं ते हे तुमच्याशी बोलतील. तुम्ही नाही म्हणू नका. तेवढं देणं माझ्याकडे लागते.

येत्या सोमवारी, सहा तारखेला, हे काटोलला येऊन राहिले आहेत. पत्रानं भागत नाही म्हणतात, रुपरावभाऊंना आणि बाजारातल्या लोकांना तोंडानं सांगायचं आहे. मला म्हणाले, चालतं का. मी नाही म्हटलं. तुमच्यासमोर उभी राहायची माझी छाती नाही, हे एक. आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताना, किंवा न बोलता बसलेले, मला पाहवणार नाही, हे दुसरं. यांना अडवावं असं फार वाटलं. अडवलं नाही. सदरा धुऊन ठेवला आहे.

काटोलहून नागपूरला शेवटची गाडी संध्याकाळी असते. यांना रात्रीचं आता नीट दिसत नाही, हे मी खरं सांगून राहिली आहे. तुम्ही त्यांना त्या गाडीनं परत पाठवा.

मी वाट पाहते.

तुमची अपराधी,
मनकर्णा